सशाची लव आणि कोशातला जीव

भंडारा जिल्ह्यात फरचा कोट कोण घालतो, असा प्रश्न हे शीर्षक वाचून कोणी विचारला, तर तो रास्तच आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पौषातल्या थंडीलाही एखादी शाल पुरते. इथल्या माणसाने 'सशाच्या कातडीचा कोट मी घालणार नाही' अशी प्रतिज्ञा केली, तर ती ऐकून एकही ससा वाचणार नाही आणि प्रतिज्ञा करणाऱ्याच्या खिशातला एक रुपयाही हलणार नाही. जी वस्तू आपण कधी घेणारच नव्हतो तिचा त्याग करणे हा जगातला सर्वांत स्वस्त सद्गुण होय. अशा स्वस्त सद्गुणावर आमचा विश्वास नाही.

म्हणूनच हा प्रश्न आम्ही भंडाऱ्यातून मांडीत आहोत. कारण याच जिल्ह्यात एक वस्त्र असे आहे, ज्याच्या प्रत्येक वारामागे जीव जातो आणि ज्याचा आपल्याला अभिमानही वाटतो. ते म्हणजे कोसा. पॅरिस आणि मिलानच्या सशाविषयी बोलायचे आणि आंधळगाव, मोहाडी, पवनीच्या कोशाविषयी मौन पाळायचे, ही सोय आम्हांला मान्य नाही. त्याचप्रमाणे दोन्ही गोष्टींना एकाच तराजूत टाकून दोन्हींवर सारखीच फुली मारण्याची सोयही आम्हांला मान्य नाही. दोन्ही सोयींत विचार करण्याचे कष्ट टळतात, एवढेच.

प्रथम सशाकडे पाहू. फरच्या व्यापारात मिंक आणि कोल्हा हे श्रीमंतांचे प्राणी, तर ससा हा सामान्य ग्राहकाचा. त्याची कातडी स्वस्त. म्हणून ती कोटापेक्षा कोटाच्या गळपट्टीला, हातमोज्यांच्या अस्तराला, टोपीच्या कडेला, पर्सला आणि किल्लीच्या साखळीला लटकणाऱ्या गोंड्याला अधिक लावली जाते. ऊब हे तिचे काम बहुधा नसतेच. तिचे काम शोभेचे. या व्यापाराची बाजू मांडणारे एक युक्तिवाद हमखास करतात : ससा मांसासाठी मारला जातोच, मग कातडी फेकून देण्यापेक्षा वापरली तर बिघडले कुठे? युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. पण मांसासाठीचा ससा साधारण अडीच-तीन महिन्यांचा असताना मारतात आणि त्या वयात त्याची लव विरळ व अपुरी असते. दाट, न झडणारी लव हवी असेल तर ससा अधिक मोठा होईपर्यंत पोसावा लागतो आणि हिवाळी लव अंगावर आलेली असताना मारावा लागतो. म्हणून तर 'रेक्स'सारख्या मखमली लवेच्या जाती खास फरसाठी जोपासल्या गेल्या आणि फ्रान्समध्ये सरकारी कृषिसंशोधन संस्थेने 'ओरिलाग' नावाची जात मुद्दाम तयार केली. तेव्हा मांसाचा उरलेला भाग म्हणून फर येते हे काही स्वस्त मालाविषयी खरे असेल. उंची मालाविषयी ते खरे नाही. तिथे कातडी हाच हेतू असतो.

हा ससा जगतो कसा? तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात. बीळ उकरणारा, उड्या मारणारा, कळपाने राहणारा हा प्राणी. त्याला उकरायला माती नाही आणि पुरती उडी मारायला जागा नाही. जाळीवर बसून बसून त्याच्या मागच्या पायांच्या तळव्यांना जखमा होतात. आपल्या धानाच्या बांधावर संध्याकाळी कान टवकारून बसणारा रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राखलेला आहे. त्याचा पिंजऱ्यातला भाऊबंद मात्र निराधार आहे. भारताने जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फर-कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली, हे स्तुत्यच झाले. पण सशाचे नाव त्या यादीत नव्हते. स्वस्त प्राण्याची दयाही स्वस्तच असते की काय, असा प्रश्न आम्हांला पडतो.

मारण्याचीही गरज नसते, लोकर तर वाढतच राहते, असे अंगोरा सशाविषयी सांगितले जाते. ते शक्य आहे, हेही खरे. हिमाचल प्रदेशात कुलूकडे अंगोरा ससे पाळून त्यांची लोकर कातरून घेतात. पण नोव्हेंबर २०१३ मध्ये चीनमधील अंगोरा-केंद्रांतले चित्रीकरण जगापुढे आले, तेव्हा जिवंत सशाच्या अंगावरून मुठीमुठीने लव उपटली जात असताना त्याने फोडलेली किंकाळी लोकांनी ऐकली. ससा हा मुका प्राणी समजला जातो; तो ओरडतो ते फक्त पराकाष्ठेच्या भयाने वा वेदनेने. त्यानंतर मोठमोठ्या युरोपीय कंपन्यांनी अंगोरा विकणे थांबवले. पुढे २०१७ साली गुची या प्रख्यात घराण्याने फर सोडण्याची घोषणा केली, २०१९ साली प्राडाने केली. हे सर्व चांगलेच झाले. परंतु याच व्यवसायाला दर ऋतूला नवा माल लागतो आणि गेल्या ऋतूचा जुना ठरवावा लागतो, या त्याच्या मूळ रीतीत काही फरक पडला का? आमच्या मते प्रश्नाचे मर्म तिथे आहे. त्याकडे येण्यापूर्वी कोशाची बाजू पाहू.

तसराचा किडा घरात टोपलीतल्या तुतीच्या पानांवर वाढत नाही. तो रानातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. विदर्भात हे काम प्रामुख्याने ढिवर समाजाने केले. पावसाळा सुरू झाला की अळ्या झाडावर चढवायच्या आणि कोष होईपर्यंतचे आठवडे कावळे, मुंग्या, गांधीलमाशा यांच्यापासून दिवसभर राखण करायची, हे त्या कामाचे स्वरूप. अळी देठाने फांदीला लटकणारा टणक कोष विणते आणि आत निजते. तिला निजू दिले तर पतंग होऊन ती कोष भेदून बाहेर येते. पण कोष भेदला की त्याचा अखंड धागा निघत नाही. म्हणून कोष उन्हात तापवून किंवा वाफेवर धरून आतला जीव मारतात, मग कोष शिजवतात आणि धागा काढतात. एका साडीसाठी असे कोष शेकड्यांनी लागतात. पुढे कोष्टी बांधव तीन धोट्यांनी विणून जी करवतकाठी साडी मागावरून उतरवतात, तिचे अंग कोशाचे आणि काठ करवतीच्या दात्यांसारखा. त्या सौंदर्याच्या मुळाशी मृत्यू आहे. हे सत्य झाकून कोशाची बाजू घेता येणार नाही आणि आम्ही ते झाकणार नाही.

येथे दोन टोकांचे लोक आपल्याला अडवतात. पहिले म्हणतात : देवाने मनुष्याला सर्व प्राण्यांवर सत्ता दिली, एदेन बागेतून निघालेल्या आदामाला आणि हव्वेला खुद्द देवानेच चामड्याची वस्त्रे करून घातली, मग ससा काय आणि कोष काय, हा सर्व निष्फळ खल आहे. दुसरे म्हणतात : जीव तो जीव, सशाची फर पाप असेल तर कोशाची साडीही पापच, सगळेच बंद करा.

पहिल्यांना आमचे सांगणे असे की, उत्पत्तीच्या पुस्तकातले ते वाक्य त्यांनी संदर्भ सोडून वाचले आहे. ती चामड्याची वस्त्रे उघड्या, लज्जित, थंडीवाऱ्यात बाहेर पडणाऱ्या माणसासाठी होती. ती गरज होती, मिरवणूक नव्हती. त्याच पवित्र शास्त्रात नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो असे सांगितले आहे. अनुवादाच्या पुस्तकात तर एक फार सूक्ष्म नियम आहे : वाटेत पाखराचे घरटे सापडले तर पिल्ले घ्यावीत, पण आईला सोडून द्यावे. म्हणजे वापर करावा, पण वंश तोडू नये. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसृत केलेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथाची शिकवणही हीच आहे. अन्नासाठी आणि वस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे त्यात वैध मानले आहे; परंतु प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे मनुष्याच्याच प्रतिष्ठेला उणेपणा आणणारे आहे, असेही तिथे बजावले आहे. सगळा भार त्या 'विनाकारण' या शब्दावर आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात ही शिकवण पुन्हा उचलून धरली आणि मनुष्याची सत्ता ही मालकाची नसून राखणदाराची आहे, हे स्पष्ट केले.

दुसऱ्यांना आमचे सांगणे असे की, सर्व जीव देवाचे म्हणून सर्व जीव सारखे, हे तर्कशास्त्र दिसते तेवढे दयाळू नाही. ससा भितो, पिल्लांसाठी स्वतःची लव उपटून बिछाना करतो, महिनोन्महिने पिंजऱ्यात कोंडल्याचे दुःख भोगतो. कोशातल्या जिवाला वेदना कळतात की नाही आणि कळल्या तर किती, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. ब्रिटनने २०२२ साली प्राण्यांच्या संवेदनाक्षमतेचा कायदा केला, तेव्हा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांबरोबर त्यात खेकडे व अष्टपाद आले. कीटक आले नाहीत. आपला १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा अधिक उदार आहे. मनुष्य सोडून कोणताही सजीव म्हणजे प्राणी, अशी त्याची व्याख्या आहे. मात्र त्याच कायद्याने पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड सांगितला, म्हणजे व्याख्येतली उदारता शिक्षेत आटली! शंकेचा फायदा कोशातल्या जिवाला द्यावा, हे आम्ही मान्य करतो. आणि तो कसा द्यावा हे पुढे सांगणार आहोत. परंतु त्या जिवाने आपले सगळे आयुष्य मोकळ्या रानात, आपल्या झाडावर, आपल्या पानांवर घालवले आणि सशाने ते तारेच्या जाळीवर घालवले, हा फरक फरक नव्हे असे म्हणणारा माणूस दयेच्या नावाने डोळे मिटतो आहे.

आणखीही एक फरक आहे. तसराला जिवंत झाड लागते. ऐन तोडले की कोसा गेला. म्हणून ज्याचे पोट कोशावर आहे त्याला ऐन उभा असण्यात स्वार्थ आहे. उद्या कोशावर बहिष्कार पडला तर तो जीव वाचेल का? ज्या झाडाला किंमत उरली नाही ते झाड सरपणाला जाईल, झाडाबरोबर अळीही जाईल आणि राखण करणारा ढिवर नागपूरच्या एखाद्या बांधकामावर विटा वाहू लागेल. कोशाऐवजी बाजारात जे येईल तेही आपण ओळखतो : खनिज तेलापासून केलेले पॉलिएस्टरचे 'आर्ट सिल्क'. त्यात एकही कोष मरत नाही. पण धुण्याच्या प्रत्येक पाण्याबरोबर त्याचे प्लास्टिकचे तंतू नाल्यात, नदीत आणि माशांच्या पोटात जातात. हिंसा दिसेनाशी झाली म्हणजे ती संपली असे नव्हे.

मग सशात आणि कोशात रेषा कुठे ओढायची? आमच्या मते चार प्रश्न विचारावेत. या वस्तूची गरज आहे का? प्राणी जगला तो कसा जगला? त्याच्या वापरातून त्याचा वंश आणि त्याचे रान टिकते की नष्ट होते? आणि या धंद्यात कोणाच्या घरची चूल पेटते? सशाची फर चारही प्रश्नांत नापास होते. कोसा शेवटच्या तीन प्रश्नांत उभा राहू शकतो. पहिल्या प्रश्नात त्याचे काय होते, ते मात्र त्याच्यावर अवलंबून नाही; ते आपल्यावर अवलंबून आहे.

हाच या लेखाचा मुद्दा आहे. जिवाच्या मोलाने आलेले वस्त्र फॅशन होऊ शकत नाही. फॅशन या शब्दाचा अर्थच मुळी असा की, आज जे हवेसे वाटते ते उद्या नकोसे वाटलेच पाहिजे. नाहीतर दुकान चालणार नाही. आजीची करवतकाठी साडी आई नेसते, आईची लेक नेसते. विरली की तिची दुलई होते. तिथे जीव गेला, पण तो वाया गेला नाही. परंतु तीच साडी एका स्वागतसमारंभासाठी घेतली, फोटोत आली म्हणून पुन्हा नेसायची लाज वाटली आणि कपाटात कोंबून दुसरी आणली, की कोसाही सशाच्या गळपट्टीच्या पंक्तीला जाऊन बसला. तेव्हा ते शेकडो जीव 'विनाकारण' मेले. मग आपण फर घालीत नाही या समाधानाला काय अर्थ उरला? प्रभू येशूने रानफुलांकडे बोट दाखवून शलमोनाचे वैभव त्यांच्यापुढे फिके ठरवले, ते कपड्यांच्या चिंतेविषयी बोलताना. तलम वस्त्रे राजवाड्यांत असतात, हे त्याचेच निरीक्षण. आणि ज्या योहानाचा गौरव करताना तो हे बोलला, त्या योहानाच्या अंगावर उंटाच्या केसांचे जाडेभरडे वस्त्र होते. प्राण्यापासून आलेले, पण जन्मभर पुरणारे.

ख्रिस्तसभेला हा न्याय लागू नाही असे कोणी समजू नये. कार्डिनलांच्या 'काप्पा माग्ना' या भव्य झग्याला शतकानुशतके पांढऱ्या अर्मिनची फर लावीत. ३१ मार्च १९६९ च्या निर्देशाने पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत ही फर काढून टाकण्यात आली आणि झग्याचा वापरही फार मर्यादित झाला. झग्याची फर गेली म्हणून कार्डिनलांचा अधिकार तसूभरही कमी झाला नाही. मिस्सेच्या पोषाखाविषयीचे नियमही त्या त्या प्रदेशातील नैसर्गिक धाग्यांना परवानगी देतात. असे असता, आमच्या धर्मगुरूंच्या दीक्षाविधीला झगझगीत यंत्रमागी रेशीमच हवे, असा आग्रह आपण भाविकांनी का धरावा? भंडारा जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात येतो. तिथल्या मागावरचे सुती किंवा कोशाचे एकच वस्त्र वर्षानुवर्षे वेदीवर वापरले गेले, तर ते प्रवचनाहून अधिक बोलेल.

आता कारागिराची गोष्ट, जी प्राणिदयेच्या चर्चेत नेहमी शेवटी येते आणि बहुधा येतच नाही. तसराच्या अनेक प्रदेशांत बायका कोशाचा धागा उघड्या मांडीवर घासून काढीत आल्या; त्याने मांडीची कातडी सोलपटते. केंद्रीय रेशीम मंडळाने ही रीत संपवण्यासाठी 'बुनियाद' नावाचे यंत्र पुढे आणले, ते फार उशिरा, गेल्या दशकाच्या अखेरीस. सशाच्या कातडीसाठी हळहळणाऱ्या जगाला या बाईच्या कातडीची बातमी कधी पोचली होती? देशातल्या अनेक तसर-केंद्रांत ताण्यासाठी चीन-कोरियाचे सूत वापरले जाते, कारण इथले सूत काढणाऱ्याला पुरेसे पैसे मिळत नाहीत. आणि तरीही करवतकाठी साडी हातात घेतल्यावर आपले पहिले वाक्य असते, 'काही कमी करा!' मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये, असा नियमशास्त्राचा दंडक आहे. संत पौलाने तो उचलला आणि कामकऱ्याच्या मजुरीला लावला. जनावराची दया आणि मजुराचा न्याय हे पवित्र शास्त्रात एकाच नियमात गुंफलेले आहेत. आपणच ते सोडवून वेगळे केले. जो ग्राहक कोशातल्या जिवासाठी अश्रू ढाळतो आणि विणकराशी घासाघीस करतो, त्याच्या अश्रूंवर आमचा विश्वास नाही.

'गरिबांचा रोजगार' ही ढाल व्यापारीही पुढे करतात, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून आमचे म्हणणे नेमके सांगतो. रोजगार हे जीव घेण्याचे समर्थन तेव्हाच होते, जेव्हा किमतीचा रास्त वाटा खरोखर त्या रोजगाऱ्याच्या हाती पडतो. नाहीतर ससा, कोष आणि कोष्टी, तिघेही एकाच पिंजऱ्यात आहेत.

तेव्हा वसईपासून नागपूरपर्यंतच्या आमच्या वाचकांपुढे आम्ही पुढील गोष्टी ठेवतो. फर, मग ती टोपीच्या कडेची असो वा किल्लीच्या गोंड्याची, घेऊ नये. 'खोटी आहे' असे दुकानदाराने सांगितले तरी घेऊ नये, कारण २०१७ साली ब्रिटनमध्ये खोटी म्हणून विकलेली फर तपासल्यावर सशाची निघाल्याची उदाहरणे आहेत. परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांनाही हे कळवावे. तिथल्या थंडीत हा प्रश्न खरा आहे. कोसा घ्यावा तर आयुष्यात एकदा-दोनदा घ्यावा, विणकराकडून वा त्याच्या सहकारी संस्थेकडून घ्यावा, सांगितलेल्या दराने घ्यावा आणि पुढच्या पिढीला द्यावा. ज्यांच्या मनाला कोशातला मृत्यू सोसत नाही, त्यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या फुटक्या कोशांच्या सुताचे कापड मागावे. ते थोडे खरखरीत असते, त्याची चमक कमी असते. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी जीव न मारता रेशीम काढण्याचा मार्ग चोखाळून दाखवला आहे. त्याला किंमत अधिक पडते; पण शंकेचा फायदा द्यायचा तर तो आपल्याच खिशातून द्यावा लागतो, विणकराच्या नव्हे.

आणि ज्यांना यातले काहीच जमत नाही त्यांनी निदान एवढे करावे. कपाट उघडावे आणि आत आधीच असलेली साडी येत्या लग्नात पुन्हा नेसावी. कोणी 'हीच का पुन्हा?' असे विचारले, तर लाजू नये. 'हो, हीच,' असे सांगावे. हिच्यासाठी जे जीव गेले आणि जे हात राबले, त्यांचे देणे अजून फिटलेले नाही.